घरी होती, म्हणजे अभ्यास करत होती

जून उजाडला की तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्यांकडे एक ठरावीक मजकूर दिवसभर छापला जातो. नाव आणि साल तेवढं बदलायचं. अमुक साली मी बारावी उत्तीर्ण झाले, त्यानंतरच्या वर्षात कोणत्याही शाळेत अगर महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता, मी घरीच होते, वरील मजकूर खरा आहे. खाली फोटो, सही, नोटरीचा शिक्का. गॅपचं प्रतिज्ञापत्र. ते जोडल्याशिवाय कॉलेजची खिडकी अर्ज घेत नाही.

धुळे जिल्ह्यात पिंपळनेर परिसरातल्या एका मुलीनं असंच प्रतिज्ञापत्र केलं. बारावी सायन्सनंतर वडील आजारी पडले आणि तिचं वर्ष घरी गेलं. कुणी विचारलं तर आजी सांगायची, “काही नही, घरमाच शे.” सकाळी गोठा, दुपारी कांद्याची निंदणी, आणि रात्री सगळे झोपले की मोबाइल. त्या मोबाइलवर तिनं ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन’ हा आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचा बारा आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला. शिकवणारे आयआयटी रोपडचे. व्याख्यानं फुकट, दर आठवड्याला सोडवायचा स्वाध्याय, त्याची ठरलेली मुदत आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा.

घरात संगणक नव्हता. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर प्रोग्रामचा अर्थ ठरतो. मोबाइलच्या कीबोर्डवर ती आत सरकवायच्या प्रत्येक ओळीआधी चार वेळा स्पेस दाबायची, एक कमी पडली की सगळं चुकायचं. म्हणून आधी चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं प्रोग्राम लिहायचा, चौकटी मोजायच्या आणि मग मोबाइलवर उतरवायचा. मी ती वही पाहिली आहे. पानोपानी खोडलेलं, बाजूला बाण आणि मराठीत लिहिलेल्या शंका: ‘हे परत वर का जातं?’ तिला विचारायला माणूस नव्हता, म्हणून ती वहीलाच विचारत होती. एका शंकेचं उत्तर पाच पानांनंतर तिनं स्वतःच लिहिलं होतं.

परीक्षेचं केंद्र नाशिक मिळालं. पहाटेची एसटी, ताहाराबाद, सटाणा करत मामासोबत गेली आणि रात्री परत आली. निकाल लागला, ६८ गुण. एनपीटीईएलमध्ये साठच्या वर गेलं की प्रमाणपत्रावर ‘एलिट’ छापून येतं. तिच्या प्रमाणपत्रावर ते आहे.

प्रवेशाच्या दिवशी तिनं ते प्रमाणपत्र फाइलमध्ये सर्वांत वर ठेवलं होतं. खिडकीतल्या माणसानं ते पहिल्यांदा बाजूला काढलं. “हे नको. टीसी, मार्कशीट, गॅप.” कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ही एका कॉलेजची गोष्ट नाही. त्या खिडकीतल्या माणसाचाही दोष नाही. त्याच्या यादीत त्या कागदाला जागाच नव्हती. मला राग आहे तो यादी करणाऱ्यांचा. आयआयटीच्या परीक्षेत पास झाल्याचा पुरावा त्यांना नको होता. त्या वर्षी आपण कुठेही शिकत नव्हतो, हे शपथेवर लिहून मात्र हवं होतं.

पुढं ती बी. एस्सी.ला लागली. पायथन तिच्या अभ्यासक्रमात आलं, तेव्हा तिनं विचारलं की मला यातून सूट मिळेल का. उत्तर आलं: तासांना बसावं लागेल, इंटर्नलचे गुण तासांवर असतात. ती बसली. पुढच्या सत्रात तिनं आणखी एक ऑनलाइन कोर्स करायचं ठरवलं आणि आधीच रीतसर विचारलं, त्याचे क्रेडिट धरणार का? “आपल्याकडे ते चालू नाही.” तोंडी. कागदावर काही नाही.

आता नियम काय म्हणतो ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरच्या कोर्सना (एनपीटीईएलचे कोर्स त्यावरच असतात) क्रेडिट देण्यासाठी विनियम काढले, तेव्हा एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येत होते. २०२१ मध्ये नवे विनियम आले आणि मर्यादा ४० टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम आले, म्हणजे कमावलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या नावानं खात्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत टिकतात. स्वयं २०१७ पासून चालू आहे, एनपीटीईएल तर २००३ पासून. राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या नावानं कॉलेजांत किती कार्यशाळा झाल्या, किती फलक लागले, किती जणांनी फेटे बांधून घेतले. त्या धोरणातली विद्यार्थ्याच्या थेट हातात पडणारी गोष्ट ही एकच. तीच आपल्याकडे चालू नाही.

याच जिल्ह्यात दुसरीकडे काय चालतं? दहावीचा निकाल लागला की ऐपत असलेल्या घरातून एकच वाक्य ऐकू येतं, पोराला लातूरला टाकला, कोट्याला टाकला, नाशिकला टाकला. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, मुलगा दिवसभर दुसऱ्याच शहरातल्या क्लासमध्ये. कॉलेजचा उंबरा तो प्रात्यक्षिकाला ओलांडतो आणि बोर्डाच्या परीक्षेला. हजेरी कागदावर भरलेली असते आणि प्रात्यक्षिकाच्या तीसपैकी गुण हात न आखडता दिलेले असतात. याला ‘इंटिग्रेटेड’ असं नाव आहे. हा प्रकार इतका वाढला की २०१८ साली राज्य सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. आदेश निघाला. क्लासच्या इमारतींवर मजले चढतच राहिले.

म्हणजे वर्गात न बसणं हा कॉलेजच्या दृष्टीनं गुन्हा नाहीच. क्लासची लाखाची पावती दाखवून वर्गात न बसणारा मुलगा चालतो. घरी बसून स्वतः शिकलेली मुलगी आली की मात्र ७५ टक्के हजेरीचा नियम पाठ म्हणून दाखवला जातो. हा अन्याय आहे आणि तो गरिबावरच होतो, कारण घरी बसून अभ्यास करण्याची वेळ गरिबाच्याच मुलांवर येते.

हा अन्याय जुना आहे आणि त्याचं जुनं नाव ‘सतरा नंबर’. शाळा सुटलेल्यांना दहावी-बारावीची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देता यावी यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असतो. सोय चांगली आहे, अतिशय चांगली. साक्री आणि नवापूरच्या पट्ट्यातून दिवाळीनंतर कितीतरी घरं उसाच्या तोडीला गुजरातेत जातात. पोरं बरोबर जातात आणि शाळा सुटते. कुणाचं लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी लावून दिलं जातं. कुणी हॉटेलात कपबशा धुतो, कुणी वडिलांच्या जागी ट्रॅक्टरवर बसतो. यातलं कुणी चार-पाच वर्षांनी उठतं, शाळा सोडल्याचा दाखला शोधतं, तो हरवलेला असला की दुसऱ्या प्रतीसाठी खेटे घालतं, फॉर्म भरतं आणि नेमून दिलेल्या शाळेत परीक्षेला बसतं. लेकराला आईकडे सोपवून पेपरला आलेली बाई मी पाहिली आहे. वर्गात मागच्या बाकावर बसून ती तीन तास मान वर न करता लिहीत होती.

पास झाल्यावर तिची ओळख काय? सतरा नंबरवाली. शाळांत, कॉलेजांत, नोकरीच्या मुलाखतीत हे शब्द मी ज्या सुरात ऐकले आहेत, तो सूर मला सहन होत नाही. रोज डबा, दप्तर, शिकवणी, रिक्षा मिळालेल्या मुलाला ५५ टक्के मिळाले तर तो रेग्युलर. तिनं चुलीपुढं वाचून ५५ मिळवले तर ती सतरा नंबरवाली. प्रश्नपत्रिका तीच होती, तपासणारे तेच होते, मंडळ तेच होतं.

आणि हा नुसता गावच्या तोंडचा टोमणा नाही, तो सरकारी नियमातही शिरला होता. २०१८ च्या नीटच्या वेळी जाहीर झालं की मुक्त विद्यालयातून किंवा खासगीरीत्या बारावी झालेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. नापास केलं नाही, परीक्षेलाच बसू द्यायचं नाही असं ठरवलं. मुलं दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मे २०१८ मध्ये न्यायालयानं ती अट रद्द केली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही मुक्त विद्यालयाच्या मुलांची बाजू मान्य झाली. मधल्या सहा वर्षांत किती मुलांनी नादच सोडला असेल? नीट ही देशातल्या अवघड परीक्षांपैकी एक. त्या चाळणीतून जो पार होईल त्यानं बारावीचा अभ्यास कुठल्या बाकावर केला, हे विचारायचं कारणच काय?

इंजिनिअरिंगचीही हीच कथा. एएमआयई ही परीक्षा कारखान्यात काम करणाऱ्या हजारो डिप्लोमावाल्यांचा आधार होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० ची संस्था ती घेते. दिवसा शिफ्ट आणि रात्री अभ्यास, सेक्शन ए, सेक्शन बी. पास झालं की सरकारी नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीनं धरलं जायचं. परीक्षा इतकी कडक की पुष्कळांना आठ-दहा वर्षं लागायची. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच ती मान्यता ठेवली गेली. त्याच काळात राज्यात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या जागा रिकाम्या पडत होत्या. दहा वर्षं रात्री जागून पास झालेल्याचा दरवाजा बंद केला आणि रिकाम्या वर्गांचा सताड उघडा ठेवला.

सनदी लेखापालांची परीक्षा बघा. तिथं कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. फाउंडेशन, इंटर, फायनल आणि आर्टिकलशिप. घरी वाचा, क्लासला वाचा, रेल्वेत वाचा. पास झालात की सीए. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानंही ती पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची धरली. सीएच्या सहीवर बँका कोट्यवधीची कर्जं देतात. म्हणजे स्वतःच्या अभ्यासावर विश्वास ठेवायला हा देश शिकलेला आहे. कॉलेजं तेवढी शिकायची राहिली आहेत.

स्पर्धा परीक्षांचंही तेच. पिंपळनेरला लागून सामोडे. तिथले डॉ. राजेंद्र भारूड नवोदय विद्यालयातून मुंबईला एमबीबीएसला गेले आणि ते शिक्षण संपत आलेलं असतानाच यूपीएससीचा अभ्यास करून आयएएस झाले, पुढं शेजारच्या नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचं पुस्तक आमच्याकडच्या अभ्यासिकांत हातोहात फिरतं. यूपीएससीनं त्यांना अमुकच विषयाची पदवी मागितली नाही आणि राज्यशास्त्राचे तास किती भरले असंही विचारलं नाही. पदवी कोणतीही, मुक्त विद्यापीठाची असली तरी चालते. पेपर लिही, मुलाखत दे. म्हणून साक्री-पिंपळनेरच्या अभ्यासिका रात्री अकरापर्यंत भरलेल्या दिसतात आणि कॉलेजचं वाचनालय पाच वाजता कुलूपबंद असतं. त्या अभ्यासिकेतलं कुणी पास झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो: आमचा माजी विद्यार्थी. फ्लेक्स लावायला माझी हरकत नाही. तो शिकत होता तेव्हा वाचनालय उघडं ठेवायचं होतं.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि १९२७ मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावानं ते उभं केलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड सिद्ध करणारा हा माणूस डेक्कन कॉलेजात असताना नेमलेल्या तासांना फारसा बसला नाही. तो ग्रंथालयात बसला आणि हवं ते वाचलं. शाळा-कॉलेजांतलं शिक्षण आपल्याला कसं मिळालं याबद्दल त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय आणि ते लिहिताना कुणाची भीड ठेवलेली नाही. आजच्या हजेरीच्या नियमात राजवाडे परीक्षेला बसायला अपात्र ठरले असते. ज्यांच्या नावाच्या संस्थेत आपले प्राध्यापक संशोधनाला जातात, त्यांना आपणच हॉल तिकीट दिलं नसतं.

आणि परीक्षा घेणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, तेव्हा परीक्षा घेणं आणि पदवी देणं हेच त्याचं काम होतं. शिकवत होती ती कॉलेजं. लंडननं दुसऱ्याच वर्षी, १८५८ मध्ये, कॉलेजची अट काढली. जगात कुठंही राहून अभ्यास करा आणि आमची परीक्षा द्या. आपण लंडनचा नमुना घेतला आणि त्यातला हा भाग तेव्हा घेतला नाही. महाराष्ट्रात खास त्या कामासाठी यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ नाशिकला निघालं ते १९८९ मध्ये. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. रविवारी संपर्क सत्राला येणाऱ्या अंगणवाडी सेविका, होमगार्ड, एसटीचे वाहक बघितले की ते ब्रीद खरं वाटतं. पण त्या पदवीलाही एम. ए.च्या प्रवेशाच्या खिडकीवर नाक मुरडणारे भेटतातच.

अमेरिकेत ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाच्या परीक्षा आहेत, त्यांना तिकडे एपी म्हणतात. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५० च्या दशकापासून त्या घेते. बारावीच्या आतल्या मुलानं कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. गुण एक ते पाच. शाळेत तो विषय शिकवत नसतील तर घरी शिकूनही बसता येतं. तिकडच्या शिकणाऱ्यांत नेहमी एक प्रश्न असतो: स्वतः शिकून दिलेली एपी कॉलेज मानतं का? उत्तर दोन भागांत आहे आणि दोन्ही आपल्या कामाचे आहेत. क्रेडिट देताना विद्यापीठ आकडा बघतं. चार किंवा पाच मिळाले असतील आणि त्या विद्यापीठाच्या नियमात ते बसत असतील तर क्रेडिट मिळतं, वर्गात शिकलात की घरी, याचा संबंध नाही. प्रवेश देताना मात्र बारकाईनं बघतात. शाळेत तो विषय होता का? असून घेतला नाही तर का नाही? आणि नव्हता, तरी शिकलास, तर ती गोष्ट त्या मुलाच्या बाजूनं मोजली जाते. नुसत्या एका परीक्षेवर प्रवेश मिळत नाही, शाळेचे गुण लागतातच. पण ‘तुझ्यासमोर काय होतं आणि त्यातून तू काय केलंस’ हा प्रश्न विचारण्याची रीत आहे.

आपल्याकडे हा प्रश्न कोणत्याही अर्जात नाही. पिंपळनेरची मुलगी संगणकाशिवाय प्रोग्रामिंग शिकली. पुण्याचा मुलगा घरच्या लॅपटॉपवर, शिकवणी लावून तेच शिकला. दोघांचे ६८ सारखे नाहीत, तिचे जड आहेत. आमच्या बाजार आवारात कांद्याचा लिलाव लागतो, तेव्हा व्यापारी ढिगातला कांदा उचलतो, दाबतो, माना बघतो आणि भाव बोलतो. कुठल्या वाफ्यातला म्हणून नाक मुरडत नाही. कॉलेजनं तेवढी तरी तसदी घ्यावी. समोर बसवा, दहा प्रश्न विचारा, एक प्रोग्राम लिहायला सांगा. वीस मिनिटांत कळतं.

२०१६ साली मुंबईच्या मालविका जोशीची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. आईनं तिला सातवीत असताना शाळेतून काढलं आणि घरी शिकवलं. तिनं दहावी दिली नाही, बारावी दिली नाही. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये भारताकडून तीन पदकं मिळवली. आयआयटीत तिला जागा नव्हती, कारण तिथं बारावी लागते. चेन्नईच्या मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं तिला जवळ केलं आणि पुढं अमेरिकेतल्या एमआयटीनं शिष्यवृत्ती देऊन नेलं. तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली. नियम बदलला का, हे विचारायचं राहून गेलं. सगळ्यांनी शाळा सोडावी असं मी म्हणत नाही, अजिबात नाही. तिच्यामागे वेळ देऊ शकणारी शिकलेली आई होती आणि मुंबई होती. पण दारातला माणूस कागद बघतो की मुलगी, हा फरक त्या एका बातमीत स्वच्छ दिसला होता.

कॉलेजवाल्यांचंही एक म्हणणं आहे आणि ते खरं आहे. मुलांनी चाळीस टक्के विषय बाहेर केले तर आमच्या शिक्षकाचा कार्यभार जातो. कार्यभार गेला की जागा जाते. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या नेट-सेट झालेल्या माणसाला तासाचे पैसे मिळतात, आणि तास कमी झाला की त्याच्या घरातला किराणा कमी होतो. ‘आपल्याकडे ते चालू नाही’ या वाक्यामागे ही भीती आहे आणि ती खोटी नाही. पण तिचं ओझं विद्यार्थिनीनं का वाहायचं? त्या मुलीच्या वहीतल्या शंका आठवा. ‘हे परत वर का जातं?’ याचं उत्तर कॉलेजातला शिक्षक दोन मिनिटांत देऊ शकला असता. ऑनलाइन कोर्स करणाऱ्या वीस मुलांच्या शंका सोडवण्यासाठी आठवड्याला दोन तास लावा, ते तास कार्यभारात धरा, शिक्षकाला त्याचे पैसे द्या. एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर कोणत्याही कॉलेजला घेता येतं आणि मार्गदर्शक शिक्षकाची सोय त्यात आहेच.

स्वतःच्या अभ्यासाला मर्यादा नाहीत असंही नाही. टायट्रेशन मोबाइलवर येत नाही. ब्युरेटची तोटी किती फिरवायची हे हाताला कळावं लागतं, आणि गुलाबी रंग कुठल्या थेंबाला आला हे डोळ्यांनी बघावं लागतं. सूक्ष्मदर्शक, प्रिझम, सोल्डरिंग या गोष्टींना प्रयोगशाळाच हवी. मग कॉलेजनं प्रयोगशाळा द्यावी ना. मे महिन्यात ती बंदच असते. बाहेरच्या मुलांना आठ दिवस प्रात्यक्षिकं करू द्या, साहित्याचे पैसे घ्या आणि प्रामाणिकपणे गुण द्या. आज प्रात्यक्षिक न करता तीसपैकी अठ्ठावीस मिळतात त्यापेक्षा ते हजारपटीनं बरं.

आमच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, जी ओव्या रचत गेली आणि मुलगा सोपानदेव यांच्यासारख्यांनी त्या उतरवून घेतल्या, तिचं नाव. विद्यापीठ जळगावला आहे आणि धुळे, नंदुरबार त्याच्याच कक्षेत येतात. प्रत्येक संलग्न कॉलेजनं स्वयंचे कोणते कोर्स कोणत्या विषयासाठी चालतील याची यादी सत्र सुरू होण्याआधी फलकावर लावावी, एवढं परिपत्रक विद्यापीठानं काढलं आणि त्याची अंमलबजावणी तपासली तर पुढच्या जुलैपासून फरक दिसेल. पैसे लागत नाहीत. इमारत लागत नाही.

तोवर मुलांनो, एवढं करा. कोर्स निवडण्याआधी तो तुमच्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयाशी जुळतो ते दोन्हींचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघा. आठ आठवड्यांचा कोर्स साधारण दोन क्रेडिटचा असतो आणि बाराचा तीनचा. स्वाध्यायाचे २५ आणि परीक्षेचे ७५, दोन्हींत वेगळं पास व्हावं लागतं, म्हणून स्वाध्याय चुकवू नका. परीक्षेची नोंदणी मुदतीत करा, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना फीत सवलत असते ती मागा. क्रेडिट बँकेचं खातं आधी उघडा. आणि प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा, दोन प्रतींत, २०२१ च्या विनियमांचा उल्लेख करून. एक प्रत कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. “चालू नाही” असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, नकार लेखी द्या म्हणा. ती प्रत जपून ठेवा आणि तिची झेरॉक्स विद्यापीठाकडे पाठवा.